पहिले चार खण

सक्करदरा, नागपूर
१६ जानेवारी १९८५

प्रिय प्रेमिला,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नको, घरात सगळे ठणठणीत आहेत. पत्र मीच लिहिते आहे, तुझी आई. पाकिटावर बाबांचं अक्षर कसं आलं ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर बाकीचं तू वाचायची नाहीस, आणि बाकीचं गेले आठ दिवस माझ्या पोटात मावत नाही.

तर ऐक. तुझे बाबा आणि मी अंदमानला येतो आहोत. दहा फेब्रुवारीला नागपुराहून जी.टी. एक्सप्रेस, मद्रासला दोन दिवस मुक्काम, मग जहाज, आणि सोळा तारखेला सकाळी पोर्ट ब्लेअर. तिकिटं आली आहेत, मी डोळ्यांनी पाहिली आहेत. बाबा मे महिन्यात रिटायर होतात ना, त्याआधी सरकारी खर्चानं भारतात कुठंही जायची ती एलटीसी त्यांना घ्यायची होती. इतक्या वर्षांत एकदाही घेतली नाही या माणसानं. दर वेळी म्हणायचे, डाक कोण लावणार, तुझा बाप? माझा बाप बिचारा उमरेडला मागावर बसायचा, त्याचा डाकेशी काय संबंध होता देव जाणे.

स्टेशनवरच्या डाक कचेरीत गावोगावची पत्रं खणांत लावायला यांच्या शेजारच्या टेबलाशी बसतात ते मधुकरराव तुला आठवतच असतील. ते गेल्या वर्षी कन्याकुमारीला जाऊन आले आणि सहा महिने दुसरं काही बोलले नाहीत. बाबांच्या फॉर्मवर पोर्ट ब्लेअर वाचून त्यांनी विचारलं, काहून गा रामाजी, थ्या काळ्या पाण्यात काय ठेवलं हाये? बाबा म्हणाले, बीच हाये. बस, तेव्हापासून हेच चालू आहे. दूधवाल्याला बीच, किराणावाल्याला बीच, विहारात भन्तेजींना नमस्कार करून झाल्यावर तिथंही बीच. सक्करदऱ्याच्या तलावात गुडघ्याच्या वर कधी न उतरलेला माणूस हा. सगळ्या आळीला ठाऊक आहे की आमची मुलगी तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, पण एकानं तोंडातून ब्र काढला नाही. सगळे म्हणतात, हो का, बीच का, वा वा.

आणि तयारी म्हणशील तर बाप्पा, काही विचारू नको. जहाज लागतं, उलट्या होतात, असं मधुकररावांनी डोक्यात भरवून दिलं. म्हणून बाबांनी अंगणातल्या निंबाला झोका बांधला आहे. रोज सकाळी दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर मठ्ठा असं पोटभर जेवतात आणि घड्याळ लावून पाऊण तास झोक्यावर बसतात. डोळे मिटायचे नाहीत, निंबाला धरायचं नाही, असे नियम आहेत. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत उतरले आणि मोरीकडं पळाले. आता पाऊण तास आरामात काढतात आणि मलाही बसवतात. अठ्ठावन्नाला टेकलेला म्हातारा आणि बावन्न वर्षांची मी, झोक्यावर. शेजारच्या तुळसाबाई कुंपणावरून पाहतात आणि पदर तोंडात कोंबतात. त्यांनी मला समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं आहे. काय करणार म्हटलं, तर म्हणाल्या, चाखून पाहीन वं, खरंच खारट असते का ते.

मला विचारशील तर मी वेडी झाले आहे. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या उमरेडहून लग्न करून नागपूरला आले, तोच माझा मोठा प्रवास. आपल्या नागपूरपासून समुद्र कुठल्याही बाजूनं तितकाच लांब, असं तूच लहानपणी नकाशावर टिचेनं मोजून सांगितलं होतंस. आता रोज स्वयंपाक करताना मनात लाट येते. कशी असते गं? आवाज सारखा येतो, का मध्ये थांबतो? नऊवारीत पाण्यात उतरता येतं का, का मी गोल साडी नेसू? मी तुळसाबाईंच्या सुनेची एक गोल साडी नेसून पाहिली, पाय मोकळे सापडेनात, दारातच अडखळले. बाबा म्हणाले, नऊवारीच नेस, मासे काही पाहत नाहीत.

आता बेत सांगते, म्हणजे तुला हसू येईल. बाबांनी मोठ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं खण आखले आहेत, डाक लावायच्या कपाटाला असतात तसे. एका दिवसाला एक खण. कुठल्या दिवशी कुठलं बेट ते त्यात लिहिलं आहे. हॅवलॉक दोन दिवस, तिथली वाळू म्हणे पिठासारखी पांढरी. मग नील, मग लाँग आयलंड, मग रंगत, परत येताना चिडिया टापूला सूर्य बुडताना पाहायचा. कार निकोबारही लिहिलं होतं, पण तिथं परवानगी लागते असं कळलं, तर खोडरबरानं इतकं जपून खोडलं की मलाच वाईट वाटलं. कुठल्या बेटावर बोट किती वाजता, भरती किती वाजता, सगळं बारीक अक्षरात आहे. एवढं सगळं आहे, आणि पोर्ट ब्लेअरचे पहिले चार खण मात्र रिकामे. मी पहिल्याच दिवशी विचारलं, इथं काय? म्हणाले, आराम. आराम म्हणे. तीस वर्षांत या माणसाला आराम करताना मी पाहिलेलं नाही, तापातसुद्धा उठून काड्यापेट्या नीट रचून ठेवतो.

काड्यापेट्यांवरून आठवलं. तू सहा-सात वर्षांची होतीस तेव्हा त्यांनी तुला रिकाम्या काड्यापेट्यांचं डाकेचं कपाट करून दिलं होतं. चिंचोके म्हणजे पत्रं. हे कामठीचं, हे भंडाऱ्याचं, हे कलकत्त्याचं, आणि तू भराभरा टाकायचीस, एक चुकायचा नाही. सगळ्यात वरच्या कोपऱ्यात पोर्ट ब्लेअर होतं, त्यात वर्षाकाठी एखादा चिंचोका पडायचा. तू रडवेली होऊन विचारलंस की याला कोणीच पत्र का लिहीत नाही, तर त्यांनी तुला मांडीवर घेऊन सांगितलं की तिथली डाक जहाजानं जाते, उशीर लागतो, पण पोचते. तेव्हाच तू म्हणाली होतीस, मी तिथं जाईन. शहात्तर साली तिथल्या नोकरीची ऑर्डर घेऊन आलीस तेव्हा मी रडले, पण ते आळीभर पेढे वाटत फिरले. आपली पोर जहाजात बसली, असं म्हणत होते.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी त्यावर तुझ्याशी कधी बोलले नाही. अठ्ठ्याहत्तर साली तू मथाईंशी चर्चमध्ये लग्न केलंस आणि केल्यावर कळवलंस. छपन्न साली दीक्षाभूमीवर तू यांच्या खांद्यावर होतीस, दीड वर्षाची, पांढऱ्या झबल्यात. तुझं लग्न विहारात, पांढऱ्या साडीत, चार पाहुण्यांत, असं त्यांनी तेव्हापासून मनात धरलं होतं. मथाई ख्रिस्ती आहेत याचं नाही, तू आधी विचारलं नाहीस याचं लागलं, असं ते म्हणतात. मला वाटतं दोन्हीचं लागलं. माझंही खोटं बोलत नाही, मलाही लागलं. पण मला दोन महिन्यांत ओसरलं, आणि त्यांचं दगडासारखं बसून राहिलं.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये तुझं ते पत्र आलं, जाडजूड, फक्त बाबांच्या नावानं. आपले पोस्टमन आनंदराव दारात उभे होते. बाबांनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, नाकारलं म्हणून लिहा. आनंदरावांनी पेन काढलं, पण त्यांचा हात चालेना. तूही त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली ना. तेव्हा बाबांनी त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि पाकिटावर स्वतः शेरा लिहिला, घेण्यास नकार. मी कणीक मळत होते. तशीच दारापर्यंत आले, पण पीठ भरलेले, ओले हात पुढे केले तर पाकीट खराब होईल, असा विचार माझ्या मनात आला. असा विचार, प्रेमा, त्या वेळी. मी हात पुसेपर्यंत आनंदराव फाटकाबाहेर गेले होते. त्यानंतर तू या घराला एक ओळ लिहिली नाहीस, आणि कोणत्या तोंडानं लिहावं म्हणून मीही लिहिलं नाही.

तुझी खुशाली मला शामलाकडून कळते. मैत्रीण म्हणून तू तिला लिहितेस, ती येऊन मला वाचून दाखवते, एवढं तिच्यावर रागावू नको. तुझी लिसी झाली तेव्हा मी तुळसाबाईंकडे जाऊन शिरा केला, आपल्या घरी वास सुटला असता म्हणून. आणि बघ काय झालं, मी घरी आले तर हे म्हणतात, शिऱ्यात वेलची जास्त झाली का वं? तुळसाबाईंनी कुंपणावरून वाटी दिली होती. का केला, कशाबद्दल, काही विचारलं नाही. वाटी चाटूनपुसून धुऊन ठेवली होती.

आता संत्र्यांचं. मृग बहाराची संत्री आत्ता गोड आहेत. बाबा काटोलच्या एका बागवानाला दोनदा भेटून आले. जहाजाला दिवस लागतात म्हणून थोडी हिरवट असतानाच काढायची, ओढायची नाहीत, देठ ठेवून कात्रीनं कापायची, आणि पेटीत कोरडं गवत घालून एकेक निराळं बसवायचं, असं त्याला बजावलं आहे. दोन पेट्या सांगितल्या आहेत. मी म्हटलं, दोन माणसांना दोन पेट्या? तर म्हणतात, जहाजावर भूक लागते. मला हसू आवरेना. उलट्या होतील म्हणून झोक्यावर बसणारा माणूस जहाजावर दोनशे संत्री खाणार आहे.

तर आता पाकिटाचं. परवा जेवताना मी त्यांना पुन्हा सरळ विचारलं, पहिले चार खण रिकामे का? हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. म्हणाले, "गोपिका, थो नकाराचा शेरा मी लिहिला. नियमानं थो पोस्टमननं लिहाचा असते. म्हणजे थो शेरा चालत नाही. म्हणजे थे पत्र अजून वाटेतच हाये, आन थे मले घ्याचं हाये." प्रेमा, या माणसाला माफी मागता येत नाही, म्हणून साडेपाच वर्षं बसून त्यानं नियम शोधून काढला. मी तोंडावर पदर घेतला आणि रडले, आणि रडता रडता हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे पाकीट माझ्यापुढं ठेवलं, तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेला, क्वार्टरच्या नंबरासकट, पिन कोडासकट. पत्ता कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाले, पाठ हाये. म्हणून हे पत्र लिहिलं गं. बीच काय, पाहू तेही. ते परत आलेलं पाकीट तू ठेवलं असशील तर सोळा तारखेला सकाळी धक्क्यावर घेऊन ये आणि त्यांच्या हातात दे. फाडून टाकलं असशील तर नुसती तू ये. राग गेला नसेल तर रागावलेलीच ये, त्यांना जे बोलायचं ते बोल, ते ऐकून घेतील आणि मीही ऐकून घेईन. नाही आलीस तर ते कोणाला काही म्हणणार नाहीत, गुपचूप हॅवलॉकची बोट धरतील आणि घरी येऊन मधुकररावांना वाळूचं वर्णन सांगतील, ते मला बघवणार नाही. तू ये. या वेळी मी मध्ये उभी असेन, हात कोरडे करून.

तुझीच,
आई

ता. क. पेट्या दोन आहेत आणि जड आहेत, तेव्हा मथाईंना आणि लिसीला बरोबर आणायचं. हे मी म्हणत नाही, आत्ता माझ्या खांद्यावरून वाचत उभे आहेत ते म्हणतात.