पाकोळी कोणी सोडायची

डिसेंबरातली सकाळ होती. सुट्टी तेव्हा शुक्रवारची असायची. दुबईबाहेर, मलैहाच्या वाळूच्या कड्यावर मी थर्मासमधला चहा ओतत होते आणि राजन, जमिनीवरून ग्लायडर चालवायच्या रेडिओची अँटेना ओढून उभा होता. "शोभना, चहा राहू दे, वारा आलाय!" मी कप वाळूत रोवला, ग्लायडर डोक्यावर धरलं आणि वाऱ्याच्या तोंडावर धावत सुटले. "नाक वर नको! फेकू नकोस गं, नुसतं सोड." मी सोडलं. त्याला ना इंजिन, ना आवाज. कड्याला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर ते अलगद तरंगलं. चहात वाळू गेली होती. तोच आम्ही दोघांनी प्यायला.

मी, शोभना राजन तिरोडकर, वय वर्षे ६४, निवृत्त शिक्षिका, राहणार डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर हसून "इन्शाल्ला" म्हणाले, तेव्हाच कागद आवरायचं ठरवलं. आधीचं कुठलंही मृत्युपत्र निघाल्यास ते रद्द समजावं.

१. कुडाळचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. माझे पती राजन यांनी तो हयातभर वापरावा. (कायद्यासाठी 'यांनी'. एरवी तो मला 'तू'च आहे.) त्यांच्यानंतर तो मुलगी इशिता हिचा.

२. बँकेतली ठेव आणि दागिने इशिताला. पाटल्या मोडू नयेत. ती म्हणेल, "ममा, हू वेअर्स दिस?" तू घाल.

३. अंमलबजावणी माझा भाऊ सुजीत, अबुधाबी, याने करावी. त्याला भांडणं मिटवता येत नाहीत, पण टाळता छान येतात. शेजारची हलिमा साक्षीदार आहे. तिने विचारलं, "मला काय ठेवलंस?" म्हटलं, "साक्षीदाराला काही मिळत नाही गं." "मग घावणे आत्ताच कर." केले.

४. आता ग्लायडरं. चार लहान आहेत, ती राजनने स्वतः बांधली, त्यांच्यावर माझा हक्क नाही. मोठं ग्लायडर 'पाकोळी' मात्र माझ्या ग्रॅच्युइटीतून घेतलं, रेडिओसकट. नावही मीच ठेवलं. पंख पसरले की ती आमच्या जेवणाच्या टेबलाहून लांब भरते. उडवायला एक माणूस लागतो आणि धावत जाऊन सोडायला दुसरा. तो दुसरा माणूस वर्षानुवर्षं मी होते.

गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी मला धावायला मनाई केली. तेव्हा राजनच्या ऑफिसातली सुचित्रा आली. "शोभनाताई, तुम्ही सावलीत बसा, मी आहे ना!" आधी ती त्याला 'सर' म्हणायची, मग 'राजनसर', आता नुसतं 'राजन'.

या खेळात एक नियम आहे. ग्लायडर हवेत असताना उडवणाऱ्याने त्यावरून नजर काढायची नाही. मी एकदा सोडताना पालथी पडले, ओठ फुटला. राजनने आकाशाकडे बघतच विचारलं, "लागलं का गं?" मला त्याचा रागही आला नाही. नियमच तो.

गेल्या फेब्रुवारीत सुचित्राचा पाय वाळूत रुतला. पडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. राजनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाकोळी सरळ खडीत घुसली, डावा पंख मोडला.

"अय्या राजन, गेली ना!"

"खलास. जाऊ दे. तुला लागलं नाही ना?"

परतताना गाडीत तो मला म्हणाला, वारा फिरला. वारा होता तसाच होता. मी दोघांनाही पाहत होते.

त्या दोघांवर माझा कसलाही आरोप नाही. पण त्या नजरेवर आधी माझा हक्क होता आणि ती मला कधी मिळाली नाही, एवढी नोंद असावी. मत्सर हे पाप आहे, असं बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोटिल्डा शिकवायच्या. सिस्टरांनी कधी ग्लायडर सोडलेलं नव्हतं. आज शनिवारची सुट्टी आहे आणि ते दोघं मलैहाला गेले आहेत.

राजनने पंख जोडला आहे. माझ्यामागे पाकोळी त्यालाच मिळेल, सुचित्रा धावेल आणि शनिवार असेच जातील, असं त्याने गृहीत धरलं असणार. म्हणून:

५. पाकोळी आणि तिचा रेडिओ सुचित्रा हिला द्यावा. उडवायला ती शिकली आहे, हात चांगला आहे, हे मी मान्य करते. सोडायला धावावं राजनने. त्याचे गुडघे शाबूत आहेत. हात रिकामे झाल्यावर वाळूत उभं राहून, वर बघणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे किती वेळ बघत राहावं लागतं, ते त्याला कळू दे. तो अडखळला तरी सुचित्राने मान खाली करू नये.

६. धावायला त्याने नकार दिल्यास सुचित्राने दुसरा माणूस शोधावा, आणि सावलीत मांडायची माझी घडीची खुर्ची राजनला द्यावी.

ठिकाण: दुबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४

सही: शोभना राजन तिरोडकर

आमच्या समक्ष सही केली:
१. हलिमा कमरुद्दीन मुकादम
२. दत्ताराम केरू परब