नातवाची लस

मंगळवार, पलूस

अजून खरंच वाटत नाही. प्रचारसभेत आमचे उमेदवार माइकवरून म्हणाले, "ह्या लशी कुणी नीट तपासल्याच न्हाईत. सरकारी शिक्क्यावर इस्वास ठेवू नका!" मी नर्स, समोरच उभी. गेल्याच आठवड्यात ह्यांच्या नातवाला मी लस टोचली, तेव्हा त्याचे पाय ह्यांनीच धरले होते!

सभा सुटल्यावर गावातली रुबिना लेकीला छातीशी धरून म्हणाली, "ताई, उद्या लशीला आमी येत न्हाई." नातवाला टोचताना साहेबांनीच त्याचे पाय धरले होते, हे मी तिला सांगितलं.

"मग सगळ्यांसारखं अंगणवाडीत का न्हाई आणलं त्याला?"

मोठं घर म्हणून मीच त्यांच्याकडे गेले होते. तेही, त्यांनी सांगितलं म्हणून, मागच्या दारानं.