जड वस्तू आधी पडते

४ जानेवारी, रविवार
संकल्प : ठमीला विज्ञान शिकवायचं. पोरगी राहते आईकडे. माझ्या वाट्याला फक्त रविवार, दहा ते सहा. ठमीची आई म्हणाली, पोरगी स्वतःहून म्हणाली तर शनिवारची रात्रही तुमच्याकडे. म्हणजे काम फत्ते! माझी गोडी लागली की झालं. मी दिव्यांच्या दुकानात सेल्समन. विज्ञान म्हणजे आपल्या हातचा मळ.

११ जानेवारी
गुरुत्वाकर्षण. खुर्चीवर चढून स्टीलचा पेला आणि कागद एकदम सोडले. पेला आधी पडला. जड वस्तू आधी पडते, असा नियम सांगितला. ठमीने कागदाचा घट्ट बोळा करून पुन्हा सोडायला लावलं. दोन्ही बरोबर पडले. फॅनच्या वाऱ्याने होतं असं, म्हणालो. फॅन बंद होता. पण बापाने ठाम असावं. खालच्या काकू विचारायला आल्या, काय आदळताय म्हणून. अडाणी बाई.

१८ जानेवारी
चुंबक. विकत कशाला आणायचं? फ्रिजच्या दाराची पट्टी उपटली. टाचण्या चिकटल्या. ठमी खूश. आता दार लागत नाही, दूध नासलं. विज्ञान त्याग मागतं. शनिवारचा विषय ठमीने काढला नाही. लाजली असेल.

२५ जानेवारी
प्रकाश आणि वीज एकदम घेतले. वेळ वाचतो. फ्यूज उडाला, अख्ख्या जिन्याचा. मागच्या खोलीत दिवसाही मिट्ट काळोख. ठमी खांद्यावर डोकं ठेवून बसली. म्हणाली, बाबा, लाइट इतक्यात नको येऊ दे. शिकवणं काहीच झालं नाही. दिवस फुकट गेला.

१ फेब्रुवारी, सकाळी ९
आज ती विचारणारच! नवी उशी आणली.

सव्वादहा
ट्रॅफिक असेल.

११
ठमीच्या आईचा फोन. चाचणीत पोरगी विज्ञानातच आपटली. क्लास लावलाय. रविवारी, दिवसभर. म्हटलं, मी आहे की शिकवायला! ती म्हणाली, ठमीशीच बोला. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

मग ठमी आली फोनवर. पेला आणि बोळा यांत आधी काय पडेल, असा प्रश्न होता म्हणे. हिने लिहिलं, पेला. मी चिडलोच. अगं, डोळ्यांनी बघितलं होतंस ना? मग तसं का नाही लिहिलंस?

म्हणाली, तू सांगितलं होतंस ना, बाबा.

क्लासला मन लावून जा, एवढंच म्हणालो. फोन ठेवला आणि पोटभर रडलो.