बुधरीच्या घरचं मरण, लालसूच्या घरचं लग्न

चिंचटोला, तालुका सिंदेवाही
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

सौ. कलाबाईंना आशाचा चिंचटोल्याहून वाकून नमस्कार.

थंडीनं तुमचा गुडघा फार बोलत नसेल, जावईबापू खोकला असताना ताकाला हात लावत नसतील, आणि राजुऱ्याच्या धुळीतही तुमची तुळस हिरवी असेल, असं धरून लिहिते. मी बरी आहे. भाऊबीजेला तुम्ही आलात आणि निघताना एस.टी.च्या पायरीवरून म्हणालात, "भाऊच नाई तं माहेर कायचं, आशा? पुढच्या साली माही वाट नको पाहू." तेव्हा माझ्या हातात तुमची तांदळाची पिशवी होती आणि कंडक्टर घाई करत होता. पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र डब्यांबद्दल आहे.

आमच्या छपरांवरच्या पांढऱ्या डब्या पाहून, त्या मच्छरांसाठी आहेत का, असं तुम्ही विचारलं होतं. नाहीत. चंद्रपूरहून दिव्यानी नावाची इंजिनीयर मुलगी येते, तिनं त्या अकरा घरांवर बसवल्या. आपल्या गावात नेट येतं ते फक्त शाळेच्या छपरावर, तेही सुतासारखं बारीक. साऱ्या गावानं ते एकदम ओढलं की कोणालाच काही मिळत नाही. म्हणून शाळेची डबी शेजारच्या डबीला देते, ती तिच्या शेजारणीला. एखादं पुस्तक आलं तर त्याचे तुकडे करून एकेका घरच्या डबीत एकेक ठेवतात, ज्याला हवं त्यानं जवळून घ्यावं. हे समजवायला दिव्यानीनं तासभर चित्रं काढली. मी म्हटलं, पोरी, ही तर आमची धानाची रोवणी आहे. पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या कोपऱ्यात रचून ठेवल्या तर दहाही बाया चिखल तुडवत कोपऱ्यातच गर्दी करतात. त्या आधीच शेताच्या बांधीभर फेकून ठेवायच्या, म्हणजे जिला लागेल तिच्या हाताशी असते. (तुमचे भाऊ फेकत तेव्हा पेंढी नेमकी माझ्याच हाताशी पडे, आणि बाकीच्या बाया हसत.) दिव्यानीनं ते वहीत लिहून घेतलं. पेंढीचं तेवढं, कंसातलं नाही.

मी खताच्या पोत्यांवरून वाचायला शिकले हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे मिळेल ते वाचायची सवय आहे. या वेळी एका नावाड्याची कादंबरी आली. घरी बसूनही सगळी प्रकरणं हळूहळू येतात, पण मला दम कुठला. मोबाइल घेऊन मी घरोघर फिरले आणि ज्या घरी जे मिळालं ते त्या क्रमानं वाचलं. नावाडी सकाळी म्हातारा झाला, दुपारी त्याला मिसरूड फुटलं, सांजेला आईच्या कडेवर बसला. लालसूच्या गोठ्याजवळ बसले होते तर तो म्हणाला, "काऊन वहिनी, इथी काऊन बसल्या?" मी म्हटलं, तुमच्या घरी लग्न आहे, ते घेऊन जाते. त्याची बायको सुकरी चहा घेऊन आली आणि नवरी कोणाकडची म्हणून विचारू लागली. तिला सगळं लग्न वाचून दाखवावं लागलं. जेवणात वांग्याची भाजी नव्हती, हे तिला पटलं नाही.

पण नावाडी मरतो ते प्रकरण निघालं बुधरीच्या डबीत. तिनं ऐकलं आणि पदर खोचून दिव्यानीसमोर उभी राहिली. "माह्या पोरीचं जमून राह्यलं, न् तू माह्याच घरी मरण ठेवते? लग्न इकडे आण. लालसूच्या घरी कोणाचं जमाचं नाई." दिव्यानीनं समजावलं की हे डबीला कळत नाही. बुधरी म्हणाली, "पाहुण्याईले कळते." शेवटी दिव्यानीनं दोन्ही प्रकरणांची अदलाबदल केली. दुसऱ्या आठवड्यात मुलगी पसंत पडली. आता गावात कोणीही डबी बसवून घेताना आत काय आहे ते आधी विचारतो.

दुपारी धान वाळत घालून ओसरीवर आडवी झाले की मला वाटतं, आपल्या डोक्यावरून ती नदी चालली आहे. लालसूच्या छपराच्या कवेलूंवरून बुधरीच्या मोहाच्या झाडापर्यंत, आवाज न करता. नावाडी वल्हं मारतो आणि कोंबड्या वरही पाहत नाहीत. त्या नावेत कोण कोण बसलेलं असतं ते लिहीत नाही.

त्यात भाऊबीजेनंतर माझ्या छपरावरची डबी नाहीशी झाली. शेवटचं प्रकरण तिच्यातच होतं. (घरातलंच आहे, कधीही वाचता येईल, म्हणून मी ते ठेवून दिलं होतं. तुमचे भाऊ गेल्यापासून मला शेवटांची घाई नसते.) वानरानं नेली असेल, असं मंगरू म्हणाला, मी नाही म्हटलं नाही. चार माणसं तीन दिवस झाडांवर चढली. एका वानराला लालसू फार वाईट शब्द बोलला. डबी मिळाली नाही. वरच्या टोलीतल्या घरांचं नेट आता मंगरूच्या घरावरून वळसा घेऊन जातं. दिव्यानी म्हणते, एक डबी गेली तरी जाळं दुसरी वाट शोधतं. शोधतं, खरं आहे. पण दुपारी फार हळू चालतं.

जावईबापूंना नमस्कार.

तुमची भावजय,
आशा

ता. क. त्या तांदळाच्या पिशवीत तळाशी हात घाला. फडक्यात, वायरीसकट. दिव्यानी म्हणाली होती, डबी डबीला शोधून काढते. मला वाटलं, एक राजुऱ्याला राहिली तर तुमचं घरही जाळ्यात राहील. ती एका कोसापलीकडे शोधत नाही, हे मला नंतर विचारल्यावर कळलं.

ता. क. २. एस.टी.त कंडक्टरजवळ देऊ नका, नाजूक वस्तू आहे. स्वतः घेऊन या. वानराचीही माफी मागायची आहे, ती दोघींनी मागू.

ता. क. ३. दिव्यानी प्रत्येक तुकडा दोन घरी ठेवते, हे मला काल कळलं. शेवटच्या प्रकरणाचा दुसरा मंगरूकडे होता. मी शेवट वाचला. काही खास नाही, नाव काठाला लागते. डबी विसरलात तरी चालेल.