डावं मनगट आणि आईची पाठ

६ जानेवारी, सोमवार
डाव्या मनगटाला प्लास्टर. नशीब, लिहिते उजव्याने. शनिवारी शाळेच्या मैदानावर मुलींना घोट्याची पकड दाखवत होते. पाय सरकला, हात टेकला, संपलं. इतकी वर्षं कबड्डी शिकवतेय, त्याआधी जिल्ह्याकडून डावा कोपरा खेळले. याहून वाईट कितीदा पडलेय.
हाडांचे डॉ. एक्स-रे बघत म्हणाले, "एवढ्यानं मोडायला नको होतं. वय?"
सेहेचाळीस.
"पाळी?"
बंद. त्रेचाळिसाव्या वर्षीच. संदेश शेजारीच बसलेला. एवढा जुना नवरा, पण जमिनीकडे बघत राहिला. तिसऱ्या माणसासमोर हे बोलायची पहिलीच वेळ.
तेव्हा खूश झाले होते मी. कटकट गेली, स्पर्धांचे दौरे सुटसुटीत. एवढी लवकर का गेली, हे विचारायचं सुचलंच नाही.

९ जानेवारी, गुरुवार
हाडांची घनता मोजली. मशीनखाली आडवं पडायचं, बाकी काही नाही. रिपोर्ट: खुबा बरा, कणा ठिसूळ. पीटीच्या बाईंचा कणा ठिसूळ. शाळेत कुणाला सांगितलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार
वाशीच्या लेडी डॉ.कडे. निवांत बोलतात. पाळी लवकर गेली की इस्ट्रोजेन लवकर जातं, मग हाडं भराभर झिजतात, म्हणाल्या. झोप लागते का? अंगातून वाफा? चिडचिड? सगळ्याला हो. मला वाटायचं उन्हात उभं राहून होतं.
उपाय: मांडीला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल, शिवाय गर्भाशय आहे म्हणून त्याचं अस्तर सांभाळायला झोपताना एक गोळी.
संदेश पहिल्यांदा बोलला. "हार्मोन म्हणजे कॅन्सर ना? हिच्या मावशीला झाला होता, छातीचा."
"कितव्या वर्षी?"
सत्तरी ओलांडल्यावर.
"ते लक्षात ठेवू. आधी मॅमोग्राफी, बीपी, रक्त. मग ठरवू. पण यांना मी जास्तीचं काही देत नाहीये. या वयात जे शरीरात असायला हवं होतं, तेच परत देतेय."
हे वाक्य बरं वाटलं. संदेशला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
पावणे गावी आईकडे. भावाने घर वाढवलं, पण आईचं स्वैपाकघर तेच. तिळाचे लाडू. प्लास्टर बघून म्हणाली, "कशी परलीस गो? आमची हाडं लोखंडाची व्हती. आमाला कंदी काय झाला नाय."
हे म्हणत फळीवरचा डबा काढायला गेली. हात पोचेना. ती फळी तिनेच मारून घेतली होती, स्वतःच्या उंचीला. डबा मी काढून दिला.

२० जानेवारी, सोमवार
मॅमोग्राफी. कपडे घालून बाहेर आले तोच पुन्हा आत बोलावलं. डाव्या बाजूला काहीतरी दिसतंय, सोनोग्राफी लागेल. परवा.
घरी संदेशने भांडी घासली. एकच पातेलं दोनदा. मी म्हटलं, नको आपल्याला ते जेल. तो म्हणाला, "आता जेलचा काय संबंध? अजून लावलंय कुठे?"
खरंच की.

२२ जानेवारी, बुधवार
पाण्याची साधी गाठ. काहीच नाही. सोनोग्राफीच्या बाई म्हणाल्या, खूप जणींना असते.
संदेशला हाफ डे टाकायला लावला नव्हता, फोनवरच सांगितलं. संध्याकाळी आला तो पिशवीभर बोंबील घेऊन. मासळी कायम मी आणते. कुठून आणलेस? "दिवाळे गावातून, बंदरावरून." एवढ्या लांब? "कुठेतरी जायचं होतं."
शेजारीपाजारी वाटले. तरी उरले.

२३ जानेवारी, गुरुवार
बाकीचे रिपोर्टही ठीक. संदेशने औषधाचा कागद चष्मा लावून अख्खा वाचला, मग डॉ.ना फोन. त्या म्हणाल्या, धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही, पण यांच्या बाबतीत न घेण्याचा जास्त आहे.
कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला. "तुझी हाडं. तू ठरव."
लावलं. गार लागतं. सुकेपर्यंत गाऊन वर धरून बसले. हसू आलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
प्लास्टर निघालं. हात वाळक्या शेंगेसारखा. पण खरी बातमी ही की आठवडाभर सलग झोपतेय. सकाळी उठते तर उशी कोरडी. थंडीतही पंखा फुल, यावरून किती भांडलोय आम्ही. आज संदेशनेच विचारलं, "पंखा कमी करू?" कर म्हटलं.
त्याने उठून तो बंदच केला.

८ मार्च, शनिवार
मुली हरल्या, तेही शेवटच्या चढाईत. मी ओरडले नाही. कॅप्टन बाजूला येऊन हळूच, "मॅडम, तुमी बऱ्या आहात ना?" म्हणजे आधी काय होते मी?
डॉ. म्हणतात वजनं उचला, जिने चढा. पकड दाखवायची नाही, निदान सध्या. हे मात्र टोचतं. रेषेबाहेर शिट्टी घेऊन उभी राहते आणि पाय आपोआप कोपऱ्याकडे...

१३ एप्रिल, रविवार
आई आमच्याकडे कोपरखैरण्याला. मला जेल लावताना पाहिलं. "कसला मलम हाय? माझे पाठीला चोल जरा."
तुझ्यासाठी नाही गं आई. डॉ.ना विचारलं होतं मी. तुझ्या वयाला हे सुरू करत नाहीत, वेगळी औषधं असतात. पण पाठ दुखते हे तू कधी बोललीस?
"पलंग सरकवला नि कट करून वाजला. तवापासना."
कधी?
"तुजा बाबा व्हता तवा."
बाबांना जाऊन कित्येक वर्षं झाली. का नाही सांगितलंस? "म्हातारपनाचा काय सांगायचा?" पुढ्यात कणीक होती. मळत राहिले.

१९ एप्रिल, शनिवार
आईला हाडांच्या स्कॅनला नेलं. भाऊ म्हणाला या वयात कशाला, पण रिक्षा त्यानेच थांबवली. ती आतून आली आणि म्हणाली, "निजवला नि उठवला. येवढाच?" जरा निराशच वाटली. एक्स-रेही काढला. दोन्ही रिपोर्ट सोमवारी.
बाहेर उसाचा रस. मला म्हणाली, "रिपोट वाईट आला तर?"
तर औषध.
"नि बरा आला तर?"
तरी पाठ कशाने वाकली ते शोधू.
रस संपवला, पदराने तोंड पुसलं. "तुजा ता मलम, कवापरत लावाचा?"
पन्नाशीपर्यंत तरी. मग डॉ. आणि मी बसून ठरवू. पुढच्या वर्षी माझाही स्कॅन. कणा सुधारेल का, जागीच थांबेल, कुणी सांगत नाही. पकडीचंही परत विचारणार आहे.
आईने यातलं किती ऐकलं माहीत नाही. घरी सोडलं तेव्हा दारातून म्हणाली, "सोमवारी लवकर ये."
आजवर म्हणायची, सवड झाली तर ये.