बिनपक्ष्यांचा पंचा

तेर्निव्का,
रविवार, प्रार्थनेनंतर

माझ्या उस्तिनाचे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता, आम्हां सगळ्यांचे वडीलधारे देमिददादा यांना तेर्निव्काच्या चर्चमधला गायक ओनिसिम याचा कंबरेतून वाकून नमस्कार. (कंबर गेल्या आठवड्यात धरली आहे, त्यामुळे वाकणं मनातल्या मनात झालं. तुम्ही ते झालं असं धरून चालावं.) तुमची तब्येत कशी आहे? वहिनींच्या गुडघ्यांचं काय? क्रेमेन्चुकची हवा नदीमुळे दमट, तेव्हा त्यांनी लोकरीचे मोजे काढूच नयेत असं आमची ही, पालाझ्का, सांगते. इकडे सगळं ठीक म्हणायचं. गाय व्याली, कालवड झाली. माझा आवाज शाबूत आहे, आणि एक दाढ सोडली तर तोंडही शाबूत आहे.

आता मूळ गोष्टीवर येतो. तुमच्या धर्मकन्येचं लग्न जुळलंय की मोडलंय हे मला, तिच्या सख्ख्या बापाला, सांगता येत नाही. रस्त्यात लोक अभिनंदन करतात आणि सांत्वनही करतात. परवा तर एकाच माणसानं हात न सोडता दोन्ही केलं. आणि या सगळ्याला कारण एक काळी पट्टी आहे. तीसुद्धा तिरपी.

बंगल्यावरच्या बाईसाहेबांची भरतकामाची शाळा तुम्ही पाहिली आहे. गावातल्या बायका तिथं बसून पंचे आणि उशांचे अभ्रे भरतात, माल शहरात जातो. इतकी वर्षं सगळं रीतसर चाललं होतं. मधे झाड, झाडावर दोन पक्षी, पक्ष्यांची तोंडं एकमेकांकडे, खाली गुलाब. कोणाला काही विचारावं लागत नसे. लढाई सुरू झाली आणि बाईसाहेबांच्या ओळखीच्या चित्रकारांनी शहरातून एक पुडकं पाठवलं, बायकांनी भरण्यासाठी नवे नमुने म्हणून. उघडलं तर आत कागद, आणि कागदावर एक काळी फळी तिरपी पडलेली, तिला टेकून एक लाल चौकोन, वर एक पिवळी काडी, बाकी सगळं पांढरं. बायकांना वाटलं हे वरून गुंडाळायचे कागद असतील, नमुने आत राहिले. त्यांनी पुडकं उलटं करून झटकलं. बाईसाहेब म्हणाल्या, हेच नमुने. कशाचे, असं विचारलं तर म्हणाल्या, कशाचेच नाहीत. (यावर थोरली हाप्का रडायलाच लागली. तिला वाटलं बाईसाहेबांचं कोणीतरी लढाईत गेलं आणि त्यांच्या मनावर परिणाम झालाय.)

मग गावातला लिहिता-वाचता माणूस म्हणून मला बोलावणं आलं. मी कागद चारही बाजूंनी पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि जबाबदारीनं सांगितलं की हा जमिनीचा नकाशा आहे. काळा तो रस्ता, लाल ती बाईसाहेबांची बाग, पिवळी ती ओढ्याकाठची पट्टी. मी एवढंच म्हणालो. जमीन गावाला वाटून देणार आहेत असं मी म्हणालो नव्हतो, ते गावातल्या पानासनं पदरचं घातलं. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव टोप्या हातात धरून बंगल्यापुढे उभं. पानासनं तर पिवळ्या काडीवर हक्कच सांगितला, की तिथं त्याच्या आजोबांपासून गुरं चरताहेत. बाईसाहेब बिचाऱ्या समजावून थकल्या की बाबांनो, ही जमीन नाही, हा नुसता रंग आहे. पानास म्हणाला, असू दे, मग लाल तरी द्या. तेव्हापासून मी बंगल्यावरून जाताना मागच्या गल्लीनं जातो.

बाईसाहेबांनी मला एकदा चर्चच्या पायरीवर गाठलंच. म्हणाल्या, ओनिसिम, तुमच्या आज्या बाह्यांवर चौकड्या भरत आल्या, तिरपे चौकोन भरत आल्या. त्या कशाच्या होत्या? तुम्ही कधी विचारलंत? शहरातले लोक आज जे नवीन म्हणून डोक्यावर घेऊन नाचताहेत ते तुमच्या सदऱ्यावरच आहे. मी सदऱ्याकडे पाहिलं, होतं खरं. पण मीही गप्प बसणारा नाही. म्हटलं, बाईसाहेब, तो काठ आहे. काठाला कोणी अर्थ विचारत नाही. पण काठच उठून मधोमध येऊन बसला तर विचारावा लागतो. यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगदी बरोबर, तेच झालंय. आता सांगा, कबुलीच देणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा?

इथवर चाललं असतं. शहराचा माल शहरात गेला, आपल्या बापाचं काय गेलं? पण उस्तिनाला त्याचा नाद लागला. घरच्या कापडावर, लग्नाच्या पेटीसाठी, तिनं तसे दोन पंचे भरले. नक्कल नाही, स्वतःच्या मनानं. पालाझ्कानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पक्षी कुठायत गं?" "नाहीत, आई." "नाहीत म्हणजे? गेले कुठं?" पोरगी शांतपणे म्हणाली, "आई, पक्षी भरताना मी आजीचेच पक्षी भरते. हे माझं आहे. हा लाल एका टाक्यानं जरी इकडं सरकला ना, तर ही काळी पट्टी खाली पडेल." पालाझ्कानं मला हाक मारली, अहो, कापडावरचं काही पडतं का? मी कापडाकडे पाहिलं. मला ते पडेलसं वाटलं, पण मी तसं म्हणालो नाही.

आता स्थळाचं ऐका. गिरणीवाल्यांचा लावरीन तुम्हाला आठवतो. लढाईआधीपासून दोघांचं एकमेकांवर मन. तो गेला तेव्हा उस्तिना म्हणाली थांबेन, आणि थांबली. तो यंदा वसंतात परत आला, एक पाय आखडलेला, बोलणं जवळजवळ बंद. कोंबडा आरवला तरी भिंतीला चिकटतो. तरी त्याच्या घरचे मध्यस्थ घेऊन दिवेलागणीला आमच्याकडे आले, पाव हातात घेऊन, अगदी रिवाजानं. म्हातारा स्विरीद पुढे, त्याचा एक जोडीदार, मागे लावरीन आणि त्याची आई मेलाश्का. स्विरीदनं नेहमीचं भाषण ठोकलं, की आम्ही शिकारी, कोल्हिणीचा माग काढत निघालो, माग तुमच्या दारात येऊन थांबला. उस्तिना चुलीशी उभी राहून नखानं माती कोरत होती. सगळं कसं छान चाललं होतं. मी म्हटलं, पोरी, शिकाऱ्यांना उत्तर दे. आता उत्तर दोनच असतात: नको असेल तर भोपळा हातात द्यायचा, हवं असेल तर मध्यस्थांच्या छातीवर पंचे बांधायचे. उस्तिना आत गेली, पंचे घेऊन आली, बांधले. तेच दोन.

स्विरीदनं मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं आणि त्याची मान तिथंच राहिली. म्हणाला, "मी जन्मभर स्थळं जुळवली. मला पंचा कळतो, मला भोपळा कळतो. हे काय बांधलंस पोरी?"

"होकार आहे, आजोबा."

"मग दिसत का नाही?"

तेवढ्यात मेलाश्का पुढे झाली. ती म्हणाली ही शवपेटी आहे, काळी, आडवी, दिसत नाही का? माझा पोरगा एकदा तिच्यातून उठून आलाय, मी ती परत घरात येऊ देणार नाही. पालाझ्का म्हणाली, शवपेटी कसली, चूल आहे ती. (हे तिनं प्रसंग सावरायला म्हटलं, पण मग लाल चौकोन हे चुलीचं तोंड ठरलं आणि चूल पेटलेली आहे की नाही यावर वेगळाच वाद झाला.) शेवटी मेलाश्कानं टेबलावरचा पाव उचलला आणि चालती झाली. स्विरीदनं पंचा सोडून बाकावर ठेवला. जोडीदार मात्र गडबडीत छातीवर पंचा तसाच ठेवून गेला. लावरीन सगळ्यांत शेवटी निघाला. तो सबंध वेळ त्या जोडीदाराच्या छातीकडे बघत होता.

तर दादा, हिशेब असा. पाव परत गेला, म्हणजे नाही. भोपळा दिलेला नाही, म्हणजे नाही असंही नाही. एक पंचा त्यांच्याकडे, म्हणजे हो. एक पंचा इथं, म्हणजे पुन्हा नाही. पाद्रीबुवांना विचारलं तर ते म्हणाले असं प्रकरण त्यांच्या पाहण्यात नाही. आणि पोरगी तीन दिवस जेवली नाही. चिडली नाही, रडली नाही, नुसती ताटाकडे बघत बसायची. मला तिचं ते बसणं बघवेना.

म्हणून मी पालाझ्काच्या हातचा पंचा काखोटीला मारून गिरणीवर गेलो, बदलून घ्यावा म्हणून. त्याच्यावर गुलाब, आणि पक्षी इतके लठ्ठ की उडून जायची भीती नाही. लावरीन खाटेवर बसला होता. समोरच्या भिंतीवर, जोडीदाराच्या छातीवरून गेलेला, उस्तिनाचा पंचा खिळ्याला लावलेला. मी माझा उलगडला तर म्हणाला, "काका, ते गुंडाळून ठेवा." मी म्हटलं, "अरे, जोडीचे पक्षी आहेत." "तेच म्हणतोय. तिकडं पक्षी फार होते. आम्ही पडलेले असायचो आणि ते उतरायचे." त्यानं मान भिंतीवरच्या पंच्याकडे वळवली. मग म्हणाला, "झाडसुद्धा नको. झाड दिसलं की वाटतं मागं कोणीतरी आहे. ह्याच्यामागं कोणाला लपता येत नाही. बघत राहिलं की डोळा लागतो." दादा, मी गावातल्या प्रत्येक मयताला उभं राहून गाणारा माणूस. अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक असतं. तिथं मी नुसते पक्षी घडी घालून कोटात कोंबले.

दारात मेलाश्का उभी. डोळे पुसत म्हणाली, पंचा इथंच राहू दे, पोरगा झोपायला लागलाय. मी विचारलं, आणि माझी पोरगी? म्हणाली, पोरीचं मी काही बोलले नाही. म्हणजे कापड हवं, करणारी नको! मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, मी चर्चमध्ये गातो. घरी येऊन उस्तिनाला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "झोपतो?" मी हो म्हटलं, तशी तोंडाला पदर लावून खूप रडली आणि मग भाकरी मागितली.

तेव्हा विनंती अशी की तुम्ही, धर्मपिता या नात्यानं, नाताळचा उपवास लागून लग्नं बंद होण्याआधी या, स्विरीदला समोर बसवा आणि हे हो आहे की नाही याचा एकदा निकाल लावा. तुमचा शब्द गावात कोणी खाली पडू देणार नाही.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, कालवडीकडूनही.

तुमचाच,
ना धड व्याही, ना धड बिनव्याही,
ओनिसिम

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं आणि बरंच झालं. मंगळवारी सकाळी मेलाश्का पाव घेऊन आली. टेबलावर ठेवला, उस्तिनाकडे न बघता म्हणाली, "तो म्हणतो पंचा आणलात, आता तिलाही आणा." तिचं मन बदलायच्या आत पालाझ्कानं पाव कापला. तेव्हा निकालाची गरज उरली नाही, नुसते लग्नाला या. वेदीपुढे पायाखाली घालायच्या पंच्यावर तरी पक्षी असावेत असा पालाझ्काचा हट्ट होता. उस्तिना म्हणाली, पायाखाली असू देत.

आणखी ता. क. स्विरीद सोडून गेलेला पंचा काल मी सहज खिडकीशी उलगडून बसलो. काय आहे ते मला अजूनही कळलेलं नाही आणि माझं मत बदललेलं नाही. पण दूध उतू गेलं ते मला समजलं नाही. दोष मांजरावर गेलाय, तो तिथंच राहू द्यावा.

शेवटचं. वर वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी केली, तुमच्या पोराची, तिमिशची, केली नाही. विसरलो नव्हतो. तो लढाईवरून, हॉस्पिटलातून घरी आलाय, भिंतीकडे तोंड करून पडून असतो, देवाच्या तसबिरीकडेही बघत नाही, असं तुम्ही लिहिलंत, आणि उत्तराला काय लिहावं ते मला सुचेना. खिडकीशी उलगडलेला तो पंचा या पत्रासोबत आहे. उस्तिनानं स्वतः धुऊन घडी घातली आहे, तिनंच सांगितलं पाठवा म्हणून. तिमिश ज्या भिंतीकडे तोंड करतो तिच्यावरच लावा. काय दिसतं असं त्याला विचारू नका. तो बघतो का, एवढंच मला कळवा. लग्नाला त्याला आणता आलं तर आणा. नाही आलं तर तुम्हीही येऊ नका, त्याच्याजवळ बसा. आम्हाला राग येणार नाही.