चौदा करवंट्या, आठ डब्या

आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे माझ्या चुका काढायला कोणी नाही, हे एक बरं. चौथीनंतर मी लिहिलं ते वाणसामानाच्या यादीपुरतं. आज वही उघडून बसलेय हे तू बघितलं असतंस तर आधी विचारलं असतंस, "काम ना काय गो तुका?" काम आहे. पुष्कळ आहे. पण आज हात कामाला लागत नाहीत, आणि बोलायला घरात जी एकच बाई आहे, तिच्याशी आज मला बोलायचं नाही.

तुझा नातू माल्टाला बस चालवतो. तू गेलीस तेव्हा तो पाच वर्षांचा होता, तुझ्या मांडीवर बसून माडाच्या हिराचं स्टेअरिंग फिरवायचा. पुढे सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला, चाकांत गवत आलं, आणि एक दिवस हा म्हणाला, मी जातो. माल्टा म्हणजे बेट. भूमध्य समुद्रात. आमच्या मास्तरांनी नकाशावर तो समुद्र दाखवला होता, तेव्हा तिथे कोणी राहत असेल असं वाटलंच नव्हतं. तो म्हणतो, बेट आपल्या पेडणे तालुक्याएवढंच, पण ऊन असं की दगडसुद्धा पिवळे दिसतात. माड नाहीत. होड्यांच्या नाळेवर डोळे रंगवलेले असतात, दोन दोन, माणसासारखे. आणि निवडुंगाची फळं विकत मिळतात, लोक ती खातात. हे मी मांयला सांगितलं, तर म्हणाली, "निवडुंग खातात? भिकेक लागले काय?" मांय म्हणजे माझी सासू. तुझी विहीण. ती अजून आहे.

तीन वर्षं झाली त्याला बघून. फोनवर दिसतो, पण फोनवर दिसणं म्हणजे शितांशिवाय पेजेचं पाणी. गेल्या महिन्यात त्याने मला तिथे फिरायला बोलावलं आणि माझ्या बारा दिवसांचा कार्यक्रम आवाजात बोलून पाठवला. मी तो अकरा वेळा ऐकला आणि ह्याच वहीत पुढल्या पानांवर उतरवून काढला. त्याला सुट्टी आठवड्याला दोनच दिवस. म्हणून त्याने काय केलंय बघ. म्हणतो, "आई, पयल्या दिसा तू माझ्याच बशीत बस. माझ्या मागची सीट. दोन फेऱ्या मार, सगळो गाव बघून जातलो. मगे तुका दर्यार सोडतां, येताना परत उखलतां." दुसऱ्या दिवशी तसंच, फक्त रस्ता वेगळा. तिसऱ्या दिवशी बसमधून बंदरावर, तिथे डोळेवाल्या होड्या. चौथ्या दिवशी सुट्टी, म्हणून बोटीने पलीकडच्या धाकट्या बेटावर. पाचव्या दिवशी देवळासारखी मोठी इगर्ज, म्हणजे त्यांचं चर्च, तिथून बेकरी, जिथे उंड्यांसारखे पाव गरम गरम मिळतात. असे बारा दिवस. मी जन्मात कधी असं फिरले नाही की उद्या कुठे जायचं हे आजच ठरलंय. माझा उद्या मला नेहमी माहीत असतो, पण तो फिरण्याचा नसतो.

तिकीट तो काढणार. त्याला फक्त एक तारीख पाहिजे. पासपोर्ट आलाय, शिक्के झालेत, कपाटात साड्यांखाली ठेवलाय. तारीख मला देता येत नाही.

कारण मांय. हे जाऊन आठ वर्षं झाली, घरात आम्ही दोघीच. ती भिंत धरून चालते, पण एकटी ठेवता येत नाही. मागे एकदा चुलीपाशी पडली, ती मी येईपर्यंत तशीच. सकाळी दोन गोळ्या, दुपारी एक, संध्याकाळी तीन. तोंड मात्र धडधाकट. तिची सख्खी मुलगी, माझी नणंद, डिचोली बाजारात राहते, आमच्या सर्वणपासून चार पावलं. तिला मी फोन केला. बारा दिवस येऊन राहशील का? तर म्हणते, "बारा दिस? वयनी, माझे गुडघे तुका ठावूक आसत मगे." मी म्हटलं, गुडघ्यांवर बसायचं नाहीय, खुर्चीवर बस. म्हणाली, "सहा दिस. सहांच्या वर माका सांगू नाका." मी रागाने फोन ठेवला आणि वही घेतली. सहा दिवसांत दोन विमानात जातात. उरले चार. मग मी खोडायला बसले. आधी धाकट्या बेटावरची बोट खोडली. मग बेकरी. मग इगर्ज, म्हटलं, ह्या आपल्याकडे कमी आहेत काय. खोडता खोडता फक्त त्याच्या मागची सीट उरली. तेव्हा मला असा संताप आला की मी परत फोन लावला आणि म्हटलं, ती तुझी आई आहे, माझी नव्हे. माझी कधीच मेली, आणि तिच्या आजारपणातसुद्धा मला इथून चार दिवस सोडलं नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, "आठ. देवाशपथ आठ." आठ दिवस झाले. बोट परत लिहिली.

आता तुला हसायला येईल. आठ दिवसांच्या गोळ्या मी कशात भरल्या सांगू? हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळतात ना त्या प्लास्टिकच्या छोट्या डब्या, त्या माझ्याकडे ढीगभर पडून होत्या. हे गेल्यावर मला कोण बोलावतंय हळदीकुंकवाला. त्या धुतल्या, पुसल्या. प्रत्येक डबीत कागदाच्या तीन पुड्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. आठ दिवस, आठ डब्या. जनेलाच्या गजांखालच्या फळीवर ओळीने मांडल्या. शेवटची डबी लावून मागे सरले आणि माझे हात तसेच राहिले. कारण ही ओळ मी आधी बघितली होती.

मांद्र्याला आपल्या रांदचे कुडीत, चुलीच्या वरच्या फळीवर. मी नऊ वर्षांची आहे. काजूचे दिवस आहेत आणि तू आरोंद्याला माहेरी जाणार आहेस, सात दिवस, लग्नानंतर पहिल्यांदा इतके. बाबांना भात शिजवता येत नाही, मला येतो, पण किती घ्यायचा ते कळत नाही. म्हणून तू करवंट्या घासून आणल्यास, चौदा. एका जेवणाला एक. प्रत्येकीत मापून तांदूळ, वर आमसूल, दोन सुक्या मिरच्या, चिमटीभर मीठ, आणि वर फणसाचं पान. भरताना मला सांगत होतीस, "ही सोमवारची. तेव्हा हांव मावशीकडे काजीत आसतलंय. ही मंगळवारची, तेव्हा खाडीर शिनाणे-शिंपले काढूक. ही बुधवारची, तेव्हा आवयच्या मांडयेर निजतलंय, काय्येक करूचंय नाय." तू हसत होतीस. तुझ्या तोंडावर असलं हसू मी आधी बघितलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. आता सांगते, तेव्हा मला ते अजिबात आवडलं नव्हतं. आमच्यात असून तू कधी अशी हसली नाहीस, आणि नसण्याच्या नुसत्या बोलण्यानं हसतेस.

किरणपाणीला होडीत बसून तू गेलीस. सोमवारच्या दोन करवंट्या झाल्या. मंगळवारच्या झाल्या. बुधवारी दुपारी बाबा माडांकडून आले तर उरलेल्या दहाही करवंट्या सुपात उपड्या, तांदूळ, मिरच्या, आमसूल, मीठ सगळं एक झालेलं, आणि मी डोळे चोळत रडतेय. मांजराने फळीवर उडी मारली आणि सगळं सांडलं. बाबा म्हणाले, "ह्यां आता कोण निवडतलो?" आणि बाजारात जाणाऱ्या कोणाकडे तरी निरोप दिला. गुरुवारी उन्हाच्या वेळी तू वाटेवर दिसलीस, खांद्याला पिशवी. तू ओरडली नाहीस, ते मला नवलाचं वाटलं होतं. खाली बसलीस, माझे हात हातात घेतलेस, बोटांना खोबरेल लावलंस. विचारलंस, "खंयचां मांजर?" मी म्हटलं, "पिवळां." तू म्हणालीस, "बरां." बस. मग सूप मांडीवर घेऊन निवडत बसलीस. त्यानंतर मामा मुंबईला गेला, आजीला घेऊन गेला, आरोंद्याच्या घराला कुलूप लागलं, आणि तुला राहायला जायला कुठे उरलंच नाही.

तर माझ्या डब्या. मांयला मी त्या दाखवल्या, म्हणजे नणंदेला सांगता येईल म्हणून. माझ्याही तोंडून तेच आलं बघ. ही पहिल्या दिवसाची, तेव्हा मी विमानात. ही तिसऱ्या दिवसाची, तेव्हा मी त्याच्या बसमध्ये. ही पाचव्या दिवसाची, तेव्हा बोटीत. मांय पायरीवर बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पेज देताना तिनेच विचारलं, "मगे तिसऱ्या दिसा तू खंय आसतली म्हणालीस?" मी सांगितलं. संध्याकाळी परत विचारलं. होड्यांना डोळे कशाला? मी म्हटलं, वाट बघायला. "कोणाची?" मी म्हटलं, मांय, मला दुसरी कामं आहेत. पण आठ दिवस हेच चाललं. मला वाटलं, म्हातारीला गोष्ट आवडली. मी पण सांगत गेले, जरा वाढवूनच. म्हटलं, परवा मुलाला तारीख देऊन टाकते.

आज सकाळी विहिरीवरून बालदी घेऊन आले तर फळी रिकामी. डब्या जमिनीवर, झाकणं एकीकडे, पुड्या सोडलेल्या, आणि गोळ्या सगळ्या तिच्या अल्युमिनियमच्या ताटलीत, एकत्र. पांढऱ्या, पिवळ्या, अर्ध्या गुलाबी. मांय पलंगावर भिंतीकडे तोंड करून.

मी म्हटलं, हे काय?

"मांजरान सांडली."

आमच्या घरात मांजर नाही. वाड्यात कोणाकडे नाही. कुत्रे आहेत ते सगळी मांजरं पळवतात. माझ्या तोंडात काय काय आलं ते तुला सांगत नाही. अठ्ठावीस वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं एकदम वर आलं. म्हणणार होते, पड तू इथेच, मी जाते. मग तिचा हात दिसला. चादरीवर पालथा ठेवलेला, पण बोटांच्या टोकांना गुलाबी रंग लागलेला. त्या गोळ्यांचा रंग ओल्या हाताला लागतो. मी तो हात बघितला आणि मला एकदम कळलं, तू त्या दिवशी माझे हात कशाला हातात घेतले होतेस. मिरच्यांनी बोटं लाल होती माझी, त्याच बोटांनी डोळे चोळून घेतले होते. मांजराचे हात कुठे भाजतात?

मी तिला विचारलं, "खंयचां मांजर?"

तिने भिंतीलाच सांगितलं, "काळां."

मी म्हटलं, "बरां." आणि तिचा हात धुतला.

दुपारी तिने दोनदा पेज मागून घेतली. महिन्याभरात अशी जेवली नव्हती. जेवून झाल्यावर मला म्हणते कशी, "धाकट्या बेटार बोटीन कितलो वेळ लागता गो?" जणू काही झालंच नाही. मी ताटली घेऊन उंबऱ्यावर निवडायला बसले. तांदळातून मिरची निवडता येते, आये. ह्या तीन जातींच्या पांढऱ्या गोळ्या एकसारख्या. एक सकाळची, एक दुपारची, एक कशाची कोण जाणे. उद्या डिचोलीला औषधांच्या दुकानात नेऊन दाखवायला लागतील, नाहीतर नव्या आणायला लागतील. फोन बाजूला पडलाय. त्यात मुलाचं सकाळपासून एकच वाक्य आहे, "आई, तारीख?" आणि खाली त्याच्या मागच्या सीटीचा फोटो. रिकामी आहे. जनेलाकडची.

मला इतकी वर्षं तुझा राग होता. तू परत आलीस ह्याचा. वाटायचं, तू आली नसतीस, सातच्या सात दिवस पुरे केले असतेस, तर मला लहानपणीच कळलं असतं की बाई गेली तरी चूल पेटते, दिवस सरतात. ते तू मला शिकवलं नाहीस, म्हणून मला जमत नाही. असं मी स्वतःला सांगत आले. नणंदेला सांगितलं, मुलाला सांगितलं, आत्ता ह्याच पत्रात तुलाही मांजराचीच गोष्ट सांगितली. बघ, मागच्याच पानावर आहे. इतकी सवय झालीय.

हे पत्र कुठे जाणार नाही. ह्या वहीची पुढली पानं माल्टाची आहेत, मागची तुझी, मधे वाण्याचा हिशेब. तुझ्यासमोर कधी तोंडातून निघालं नाही ते इथे लिहून ठेवते. पिवळं मांजर नव्हतं. मला वाटलं होतं, सगळ्या करवंट्या एकदम ओतल्या की सगळे दिवस एकदम संपतील आणि तू येशील. आणि तू आलीस. वाटेवर तुझी पिशवी दिसली तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून पुरता गेलेला नाही.